नेहमीचे दिसेनासे का होते?

हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि खिसा किंवा पर्स न उघडता एका कागदावर पाच रुपयांच्या नाण्याचे चित्र काढून पाहा. दोन्ही बाजू काढायच्या. सिंहमुद्रा कोणत्या बाजूला असते? तिच्याखाली काही लिहिलेले आहे का? देशाचे नाव देवनागरीत कुठे आणि इंग्रजीत कुठे? साल कोणत्या बाजूला? पाच रुपयांची नाणी आजवर अनेक प्रकारची निघाली आहेत, तेव्हा कोणतेही एक आठवा. तेवढी सवलत घ्यायला हरकत नाही. मग नाणे बाहेर काढा आणि ताडून पाहा.

शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही हा प्रयोग केला तेव्हा चांगलाच हशा पिकला. एका सरांनी तर चार सिंह काढले होते. सारनाथच्या स्तंभशीर्षावर सिंह चारच आहेत, हे सरांना माहीत होते. पण नाण्यावर त्यातले तीनच दिसतात. म्हणजे पुस्तकातले ज्ञान बरोबर आणि रोज हाताळलेली वस्तू चूक. अमेरिकेत निकरसन आणि अ‍ॅडम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली तिथल्या एक सेंटच्या नाण्याबाबत असेच प्रयोग प्रसिद्ध केले. हजारो वेळा हातातून गेलेल्या नाण्यावरची ठळक चित्रे आणि अक्षरेसुद्धा बहुतेकांना नीट आठवली नाहीत. जी आठवली त्यांच्या जागा चुकल्या.

नाण्याच्या बाबतीत यात बिघडले काहीच नाही. दुकानदाराला पाच रुपये देताना नाण्याचा आकार, रंग आणि जाडी कळली की काम भागते. बाकीचा तपशील साठवण्याची तसदी मेंदू घेत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. अडचण अशी की हा काटकसरीचा हिशेब मेंदू नाण्यापुरता ठेवत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे शिक्षक सहावीच्या एकाच तुकडीला शिकवत होतो. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे. शांत स्वभाव, वही नीटनेटकी, अक्षर सुरेख. रोज हजेरीत तिचे नाव येई, ती "हजर" म्हणे आणि आम्ही पुढच्या नावाकडे वळत असू. दिवाळीनंतर आमच्यापैकी एकजण रजेवर गेले व त्यांच्या जागी एक नवीन बाई आल्या. तिसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्या आम्हाला म्हणाल्या, "सर, ती तिसऱ्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघतच नाही हो. सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवते. तिला दिसत नसेल का?" डोळे तपासले तेव्हा चांगलाच नंबर निघाला. घरी कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्या स्वतःच्याही नाही. फळा सगळ्यांनाच असा धूसर दिसत असणार अशी तिची समजूत होती. आम्ही जूनपासून तिच्या वह्या तपासत होतो.

आमच्यात कोणी कामचुकार नव्हते, असे म्हणून समजूत घालता येईल. पण टोचणारी गोष्ट वेगळीच होती. या पेशात मोलाचे असे जे काही आहे ते मुलांचे चेहरे वाचण्यात आहे, असे आम्ही तिघेही मनापासून मानत होतो. नव्या शिक्षकांना तसे सांगतही होतो. आणि नेमका चेहराच पाच महिने दिसला नाही. जे आपल्याला खोलवर मोलाचे वाटते, तेच रोजच्या रोज समोर असताना नजरेआड का होते? आणि ते नजरेत राहावे म्हणून काही करता येते का? हा प्रश्न आपण एरवी साधुसंतांवर आणि कवींवर सोपवतो. विज्ञानालाही त्याबद्दल काही सांगायचे आहे.

डोळ्यातल्या सावल्या

सुरुवात डोळ्यापासून करू. आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, रचना जरा विचित्र आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी पडद्याच्या मागच्या बाजूला आहेत आणि रक्तवाहिन्यांचे एक जाळे त्यांच्या पुढे पसरलेले आहे. म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश या जाळ्यातून गाळून येतो. वाहिन्यांची सावली दृष्टिपटलावर सदैव पडलेली असते. जन्मापासून आजपर्यंत आपण प्रत्येक दृश्य या सावल्यांसकट पाहिले आहे. तरी ती आपल्याला कधीच दिसत नाहीत.

ती दिसू शकतात. एक जाड कार्ड घ्या आणि त्याला टाचणीने बारीक भोक पाडा. एक डोळा मिटा, दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ ते भोक धरा आणि मोकळ्या उजळ आकाशाकडे पाहा. सूर्याकडे मुळीच पाहायचे नाही, त्याच्या आसपासही नाही. मुलांना हे दोनदा बजावून सांगा. आता कार्ड भरभर हलवा, अगदी लहान गोल फिरवल्यासारखे, सेकंदाला तीन-चार वेळा. थोड्या वेळात समोर एक बारीक फांद्याफांद्यांचे जाळे उमटेल. पाण्यात कुजवून काढलेल्या पिंपळाच्या जाळीदार पानाची आठवण व्हावी असे. मधोमध एक लहानशी मोकळी जागाही दिसेल. तिथे वाहिन्या नसतात आणि नेमकी तीच आपल्या सर्वांत तीक्ष्ण दृष्टीची जागा. हात थांबवा. जाळे एकदोन सेकंदांत विरून जाते.

झाले काय? कार्ड स्थिर असताना सावली सदैव त्याच त्या पेशींवर पडते. भोक हलले की प्रकाशाची दिशा बदलते, सावली सरकते आणि शेजारच्या नव्या पेशींवर पडते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या चेतापेशी 'काय आहे' यापेक्षा 'काय बदलले' याची दखल फार जोरात घेतात. जे बदलत नाही त्याची वार्ताच पुढे जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने या सावल्यांचे वर्णन केले. त्याच्याही आधी, १८०४ साली, ट्रॉक्सलर या स्विस वैद्याच्या असे ध्यानात आले होते की एका बिंदूवर नजर अढळ ठेवली तर कडेच्या फिकट आकृती हळूहळू पुसल्या जातात. खडूने फळ्यावर मध्यभागी एक ठळक ठिपका आणि एका बाजूला बोटाने फासलेला पुसट डाग काढून हे वर्गातही दाखवता येते.

मग आपण एखाद्या झाडाकडे टक लावून पाहतो तेव्हा ते झाड का विरत नाही? कारण डोळा कधीच खरोखर स्थिर नसतो. टक लावली तरी तो अतिशय सूक्ष्म हिसके घेत असतो आणि थरथरत असतो. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातल्या संशोधकांनी ही थरथर निकामी करून पाहिली. डोळ्यावरच एक चिमुकले उपकरण बसवायचे, म्हणजे डोळा हलला की चित्रही तितकेच हलेल आणि दृष्टिपटलावरची त्याची जागा बदलणार नाही. चित्र काही सेकंदांत फिके पडून नाहीसे झाले. डोळा उघडा, चित्र समोर, प्रकाश भरपूर, आणि दिसत मात्र काही नाही. थोडक्यात, आपला डोळा थरथरतो म्हणून आपल्याला जग दिसते.

गोगलगाय आणि पंखा

डोळ्यापुरती असलेली ही गोष्ट पुढे सगळ्या चेतासंस्थेला लागू होते. पावसाळ्यात अंगणात सापडणारी एखादी गोगलगाय लाकडी फळीवर ठेवा आणि ती चालू लागली की फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. गोगलगाय शिंगे आत ओढून घेते. ती बाहेर आली की पुन्हा तेवढीच टिचकी. असे करत गेले की काही टिचक्यांनंतर ती फारशी दखल घेत नाही. गोगलगाय दमली का? नाही. टिचकीऐवजी वेगळ्या प्रकारे फळी हलवली तर ती पुन्हा शिंगे ओढते. टिचकी निरुपद्रवी आहे एवढे ती शिकली. या शिकण्याला आपण 'सरावणे' म्हणू. शिकण्याचा हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत जुना प्रकार आहे. (प्रयोग झाल्यावर गोगलगायीला जिथून आणली तिथे नेऊन सोडावे. सरावण्याची परीक्षा तिने दिली, पुढचे वर्ग तिला नकोत.)

एरिक कँडेल यांनी अमेरिकेत अ‍ॅप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर हाच अभ्यास चेतापेशींच्या पातळीवर केला. तिच्या शरीरावरच्या नळीला स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला की कल्ला ओढण्याचे प्रमाण घटत जाते. कँडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्पर्शाची वार्ता आणणारी पेशी पुढच्या पेशीकडे जे रासायनिक द्रव्य सोडते, त्याचे प्रमाण दर वेळी कमी होत जाते. स्पर्श होतो, पेशी जागीही होते, पण तिचा आवाज हळू झालेला असतो. या आणि अशा संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आम्हा शिक्षकांना यातली एक गोष्ट विशेष वाटली. एकाच बैठकीत दहा स्पर्श केले तर सरावाचा परिणाम लवकर ओसरतो. पण रोज दहा, असे चार दिवस केले तर तो तीन आठवड्यांपर्यंत टिकतो. थोडे थोडे, रोज, ठरावीक वेळी. हे वर्णन शाळेच्या वेळापत्रकाचेच नाही का?

सरावलेल्या मेंदूने ती गोष्ट पुसून टाकलेली नसते, हे मॉस्कोच्या सोकोलोव्ह यांनी १९६० च्या सुमारास फार सुंदर रीतीने दाखवले. एकच स्वर ठरावीक अंतराने वाजवत राहिले की ऐकणाऱ्याचे शरीर सुरुवातीला जे दचकल्यासारखे प्रतिसाद देते ते थांबतात. मग तोच स्वर नेहमीपेक्षा थोडा आधी तोडला, तर? प्रतिसाद परत येतो, आणि तोही जिथे स्वर सुरू असायला हवा होता त्या शांततेच्या क्षणी. याचा अर्थ मेंदूने त्या स्वराचा एक नमुना मनाशी ठेवलेला असतो आणि येणारी प्रत्येक गोष्ट तो त्या नमुन्याशी ताडून पाहतो. जुळली तर गप्प बसतो. जुळली नाही तर जागा होतो. चालू पंखा आपल्याला ऐकू येत नाही, पण वीज जाऊन तो बंद पडला की त्या क्षणी कळते, अरे, पंखा चालू होता.

प्रिब्रॅम हे मेंदूशास्त्रज्ञ न्यूयॉर्कचा एक किस्सा सांगत. तिथल्या थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून खडखडाट करत जाणारी उन्नत रेल्वे १९५५ मध्ये बंद झाली. त्यानंतर आसपासचे लोक मध्यरात्री पोलिसांना फोन करू लागले, की काहीतरी विचित्र घडते आहे. ते फोन पूर्वी ज्या वेळी गाड्या जात त्याच वेळी येत, असे त्यांचे म्हणणे. लोकांना त्या न येणाऱ्या आवाजाने जाग येत होती.

आपल्याकडे यासाठी न्यूयॉर्कला जायला नको. घरातले वडीलधारे माणूस जाते आणि मग संध्याकाळी साडेसहाला दारात चप्पल काढल्याचा आवाज येत नाही. तो आवाज वर्षानुवर्षे ठरल्या वेळी येत होता, तेव्हा कोणी मान वर करून पाहिलेही नाही. नमुना मनात इतका पक्का बसला होता की त्याची वेगळी जाणीव राहिली नव्हती. ती जाणीव नमुना मोडल्यावर होते. आपण निष्काळजी होतो म्हणून असे झाले, हा आरोप आपण स्वतःवर करतो. तो निम्माच खरा असावा. ज्या गोष्टीवर आपण सर्वांत जास्त विसंबतो, तीच सर्वांत आधी गृहीत धरली जाते.

अर्थ गाळणीतून जातो, पण टिकत नाही

यावर कोणी म्हणेल, स्वर आणि टिचक्या यांना काही अर्थ नसतो. अर्थपूर्ण गोष्टींचे तसे होणार नाही. यात तथ्य आहे. लग्नाच्या मांडवात शंभर माणसांचा गलका चालू असतो, आपण एकाशी बोलत असतो, आणि पाठीमागे कोणीतरी आपले नाव घेते. ते बरोबर ऐकू येते. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून अशा प्रसंगांचा अभ्यास सुरू केला. ज्या कानाकडे लक्ष नाही त्यातले जवळजवळ काहीच ऐकणाऱ्याला सांगता येत नव्हते. पुढे १९५९ मध्ये मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले. सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आले. म्हणजे अर्थ असला की गाळणीतून जाण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र नाही.

शिवाय अर्थही झिजतो. वर्गाला एक मिनिटभर 'भाकरी' हा शब्द भराभर आणि मोठ्याने म्हणायला सांगा. चाळीसेक वेळा झाल्यावर मुले हसू लागतील. भाकरी ही भाकरी राहत नाही, नुसते विचित्र आवाज उरतात. थोड्या वेळाने शब्द पुन्हा जागेवर येतो. पण जे शब्द आपण वर्षानुवर्षे एकाच चालीत म्हणतो, त्यांचे काय? शाळेत रोज सकाळी प्रतिज्ञा होते. आम्ही एकदा आठवीच्या मुलांना ती मधल्या एका वाक्यापासून सुरू करायला सांगितले. बरीच मुले अडली. पहिल्यापासून मनातल्या मनात म्हणत त्या वाक्यापर्यंत पोहोचावे लागले. मग एका मुलाने हळूच विचारले, "सर, तुम्ही म्हणून दाखवा ना." तो प्रसंग आम्ही इथे सविस्तर सांगत नाही.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या बाबतीत मात्र नुसता सराव कारण नव्हता. आम्ही काहीतरी वेगळे शोधत होतो, हेही कारण होते. २०१३ साली अमेरिकेत क्ष-किरणतज्ज्ञांवर झालेला एक प्रयोग आता बराच प्रसिद्ध आहे. फुप्फुसाच्या चित्रांत लहान गाठी शोधायला सांगितल्या होत्या. संशोधकांनी त्या चित्रांत एका गोरिलाचे चित्र घातले, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. चोवीसपैकी वीस तज्ज्ञांना तो दिसला नाही. नजर कुठे फिरते याची नोंद ठेवली होती. त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. आम्हीही वहीत शुद्धलेखन, समास आणि उत्तर शोधत होतो. तिची वही निर्दोष होती. ती निर्दोष का आहे, हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता.

योगी आणि झेन भिक्षू

सराव टाळता येईल का? दीर्घ ध्यानसाधना केलेल्यांना प्रत्येक क्षण ताजा वाटतो, असे सांगितले जाते. हे तपासून पाहण्याचा एक मोठा चांगला प्रयत्न आपल्याच देशात झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेऊन १९६१ साली ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसले की मेंदूत अल्फा नावाच्या संथ लहरी दिसतात आणि आवाज किंवा स्पर्श झाला की त्या खंडित होतात. समाधी लावलेल्या योग्यांत मात्र मोठा आवाज, प्रखर प्रकाश, गरम वस्तूचा स्पर्श यांनी त्या खंडित झाल्या नाहीत. दोन योग्यांनी चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी लहरी तशाच राहिल्या. जगाची दारे बंद झाली होती.

जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांना १९६६ मध्ये झेन भिक्षूंत नेमके उलटे चित्र दिसले. साध्या माणसाला तोच 'टिक' आवाज वारंवार ऐकवला की अल्फा लहरी खंडित होण्याचा काळ कमी कमी होत जातो, तो सरावतो. भिक्षूंमध्ये विसाव्या आवाजालाही जवळजवळ पहिल्याइतकाच प्रतिसाद होता. म्हणजे दारे सताड उघडी. प्रत्येक टिक नवी! हे निष्कर्ष पुस्तकापुस्तकांतून सांगितले गेले. आम्हीही अनेक वर्षे ते मोठ्या उत्साहाने सांगत आलो.

मग १९८१ साली बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणारे अनुभवी साधक घेतले, तुलनेसाठी ध्यान न करणारे घेतले, आणि तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. सगळे गट सारखेच सरावले. झेनवाल्यांचे दार उघडे राहिले नाही की योगवाल्यांचे बंद झाले नाही. साधनेचे काही परिणाम होत नाहीत असा याचा अर्थ नाही. पण सराव संपूर्णपणे टाळणारा मेंदू ही कल्पना इतकी लोभस आहे की तिच्यासाठी भक्कम पुरावा मागायला हवा, आणि तो आजवर आपल्या हातात नाही. ही निराशा आम्ही मुलांपासून लपवत नाही. जे खरे असावे असे आपल्याला मनापासून वाटते, ते पुन्हा तपासणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

एकोणतीस वर्षांचा खडू

सराव टाळता येत नसेल तर टाचणीच्या भोकाने केले ते करता येते: सावली थोडी सरकवायची. सरकवण्याचे काम सर्वांत चांगले कोण करते, याबद्दल आमचे मत डार्विनमुळे बनले. इंग्लंडमधल्या डाउन या खेड्यात डार्विन १८४२ पासून मरेपर्यंत राहिला. घरामागच्या एकाच वाटेवर तो वर्षानुवर्षे रोज चालत असे. असे रोजचे, तेच ते आयुष्य जगणाऱ्या माणसाला पायाखालचे गांडूळ चाळीस वर्षे दिसत राहिले. कसे? डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या एका शेताच्या भागावर खडूचे तुकडे पसरले. गांडुळे खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात, तर वरच्या वस्तू काळाच्या ओघात खाली जातील का, असा त्याचा प्रश्न होता. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्याने तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. एकोणतीस वर्षांत सात इंच.

अखेरच्या वर्षांत तर त्याने कुंड्यांत गांडुळे पाळली. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी शिट्टी वाजवली, मुलाकडून बसून नावाचे घोगऱ्या आवाजाचे वाद्य वाजवून घेतले. गांडुळांनी दाद दिली नाही. मग कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तेव्हा कंपने जाणवून ती बिळात पळाली. हे सर्व त्याने १८८१ च्या पुस्तकात लिहिले, मृत्यूच्या आदल्या वर्षी. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

डार्विनची नजर अढळ होती असे म्हणण्यात अर्थ नाही; अढळ नजरेचे काय होते ते ट्रॉक्सलरने दाखवलेच आहे. त्याच्याकडे प्रश्न होते, आणि प्रत्येक नवा प्रश्न तेच गांडूळ थोडे सरकवत होता. म्हणूनच वर्गात "लक्ष द्या!" असे ओरडण्याचा उपयोग फारसा होत नाही, असे आमचे मत आहे. लक्ष हुकमाने येते आणि लगेच जाते. "या फुलाच्या पाकळ्या कालच्याइतक्याच आहेत का?" असे विचारले की ते पुन्हा येते, आणि यावेळी थोडे जास्त थांबते.

वेळ हासुद्धा सावली सरकवतो. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या नेहमीच्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितले: नुकतेच झालेले एखादे बोलणे, ऐकलेली गाणी, भेटलेले लोक. तीन महिन्यांनी हे वाचताना किती मजा वाटेल याचा अंदाजही घेतला. अंदाज कमी निघाले. प्रत्यक्ष वाचताना त्यांना कितीतरी जास्त रस वाटला. अशाच एका पाहणीत खास दिवसाबद्दलचा अंदाज फारसा चुकला नाही, पण साध्या दिवसाबद्दलचा बराच चुकला. खास दिवस लक्षात राहणार हे आपण धरून असतोच. साध्या दिवसाची किंमत आपण त्या दिवशी लावू शकत नाही.

हे वाचून आम्ही सहावीत एक समाईक वही सुरू केली. रोज एका मुलाने, शाळेत येताना पाहिलेली एक गोष्ट लिहायची. पहिले दोन आठवडे बहरात गेले. तिसऱ्या आठवड्यात "आज सूर्य उगवला" आणि "आज विशेष काही नाही" अशा नोंदी येऊ लागल्या. वहीही सरावाची झाली. अमेरिकेत ल्युबोमिर्स्की यांना असेच काहीसे आढळले होते. ज्यांनी कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिल्या त्यांना बरे वाटले. जे तीनदा लिहीत त्यांना फरक जाणवला नाही. अशा वह्यांवर पुढे बरेच संशोधन झाले आणि परिणाम एकंदरीत माफक आहेत असे दिसते. आम्ही वही पंधरा दिवसांतून एकदा काढू लागलो, आणि दर वेळी वेगळा प्रश्न ठेवला. मागच्या वेळी होते आणि आता नाही, असे काय? रस्त्यावर सर्वांत आधी कोण उठलेले असते? घरात कोणता आवाज थांबला तर तुम्हाला पहिल्यांदा कळेल?

मार्चमध्ये ती वही वर्गात वाचली तेव्हा मुले ती एकमेकांच्या हातातून ओढत होती. "हापशावरच्या काकूंनी आज हिरव्या बांगड्या घातल्या होत्या," ही जुलैतली एक ओळ तीन वेळा वाचली गेली. का, ते आम्हाला नेमके सांगता येणार नाही.

त्या मुलीला चष्मा मिळाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मैदानातल्या कडुनिंबाकडे बराच वेळ बघत उभी होती. पानं वेगवेगळी दिसतात, असे तिने सांगितले होते. महिन्याभराने आम्ही तिला सहज विचारले, "काय गं, पानं दिसतात का अजून?"

"दिसतात की, सर," म्हणत ती पळाली. मग थोडे पुढे जाऊन थांबली, चष्मा काढून झाडाकडे पाहिले, पुन्हा लावला, पुन्हा पाहिले, आणि खेळायला गेली.